नियत आणि हात एका दिशेने चालले, तर उमेद टिकते

दुकान उघडायचे, पण मनात हुरूप नाही. कारखान्यात हात चालतात, पण जीव कामात नाही, ही तक्रार आपल्या अनेक व्यापारी व कारागीर बांधवांकडून ऐकू येते. मंदी, वाढते भाव, थकलेली उधारी ही कारणे खरीच आहेत. परंतु आमच्या मते आणखी एक कारण आहे. आपण मनाशी जे मोलाचे मानतो आणि दिवसभर हातून जे घडते, यांत अंतर पडले की माणूस आतून थकतो.

या बाबतीत मिरजेच्या तंतुवाद्य कारागिरांकडे पाहावे. हत्यारे घडवणारे व त्यांना धार लावणारे शिकलगार एकोणिसाव्या शतकात वाद्यांच्या कामाकडे वळले. फरीदसाहेब सतारमेकर हे या परंपरेच्या आरंभीचे नाव. पुढे संस्थाने गेली, इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आला. तरी मिरजेत भोपळ्यावर आणि तूनच्या लाकडावर आजही हात चालतो.

या कामाचा कस लागतो तो जवारी काढताना. घोडीचा माथा कानसीने इतका नेमका घासायचा, की तार त्याला हलकेच स्पर्श करून भरीव, गुंजणारा नाद देईल. त्याला पट्टी नाही. कान हेच माप. घाईत उरकले, तर नवख्या गिऱ्हाइकाला कळणारही नाही. गवयाला मात्र कळते आणि कारागिराला तर त्याच्याही आधी कळलेले असते. म्हणूनच तेथे पुन्हा कानस उचलणे हेच त्याचे इमान ठरते, आणि त्यातूनच कामाची गोडी टिकते.

मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला कायद्याचे संरक्षण आले, ही आनंदाची गोष्ट. पण नावाची लाज रोजच्या कानशीनेच राखावी लागते.

आपल्याही धंद्यात अशी एक जागा असतेच. शिंप्याला आतली शिवण, किराणा दुकानदाराला तराजू, कारखानदाराला कामगाराची वेळेवर मजुरी. आमचे सांगणे एवढेच, की एकदम सारे बदलायला जाऊ नये. आपल्याला सर्वांत प्रिय असलेले एक मूल्य निवडावे आणि त्याला रोजचे एकच काम जोडावे. रात्री हिशेब लिहिताना जमा-खर्चाखाली एक ओळ वाढवावी: आज ते काम झाले की नाही?

यामुळे भाडे किंवा कर्जाचा हप्ता चुकणार नाही, हे आम्ही जाणतो. पण उद्या सकाळी दुकान कशासाठी उघडायचे, याचे उत्तर मात्र आपल्याच वहीत सापडेल.