खेळण्याच्या रानात बुडालेली मोहीम

शिरोळ तालुका म्हणजे कोल्हापूर जिल्ह्याचं पूर्वेचं टोक. काळी जमीन, नजर पोचेल तिथवर ऊस, नृसिंहवाडीला कृष्णेत मिसळणारी पंचगंगा. याच जिल्ह्याच्या पश्चिमेला, शाहूवाडी तालुक्यात, विशाळगड आहे. तिथला मुलूख शिरोळच्या अगदी उलट : खोल दऱ्या, तुटलेले कडे, घोड्याला पाऊल टाकू न देणारं रान. गडाचं जुनं नाव खेळणा. पंधराव्या शतकाच्या मध्याला सपाटीवर घोडी फेकणारी एक बलाढ्य फौज या गडावर चालून निघाली आणि वाटेतल्या रानात एका रात्रीत संपली. त्याचा दोष कुणाचा, हा प्रश्न तेव्हाच दोनदा निकालात निघाला, आणि दोन्ही निकाल एकमेकांच्या विरुद्ध होते.

फौज बिदरच्या बहमनी सुलतानाची, अलाउद्दीन अहमदशाहाची. सेनापती खलफ हसन बसरी, किताब मलिक-उत्-तुज्जार. साल बहुतेक ठिकाणी १४५३ दिलेलं असतं. काही इतिहासकार ते सहा-सात वर्षं मागं नेतात. सेनापतीनं चाकणला ठाणं केलं, शिर्के घराण्याचा किल्ला घेतला आणि हाती लागलेल्या शिर्क्याला धर्म बदल, नाहीतर मर, असं बजावलं. शिर्के म्हणाला, मी एकट्यानं धर्म बदलला तर खेळण्याचा राजा शंकरराय मला जन्मभर हिणवील. आधी त्याला जिंका, वाट मी दाखवतो. सेनापतीनं त्याच्यावर भरवसा ठेवला.

इथं फौजेत फूट पडली. दख्खनी आणि हबशी सरदारांपैकी पुष्कळांनी रानात शिरायला नकार दिला. बाकीचे पुढं निघाले. दोन दिवस वाट रुंद आणि सोपी होती. तिसऱ्या दिवशी ती इतकी बिकट झाली की रांग तुटली. रात्री मुक्काम पडला त्या जागी तीन बाजूंना डोंगर, चौथ्या बाजूला खाडीचं पाणी. दोन तंबू शेजारी-शेजारी उभे राहतील एवढीही मोकळी जागा नाही. सेनापती स्वतः रक्ती आवेनं आडवा झालेला, त्यामुळे पहारे लावणारं कुणी नाही. शिर्क्यानं शंकररायाला आधीच निरोप धाडला होता. मध्यरात्री हल्ला झाला. झाडांतून घोंघावणाऱ्या वाऱ्यामुळे एका टोळीची किंकाळी दुसरीला ऐकू गेली नाही, असं इतिहासकार फिरिश्ता लिहितो. मेलेल्यांचा आकडा तो सात हजारांच्या घरात सांगतो. सेनापतीही त्यात गेला.

वाचलेले चाकणला परतले. मागं राहिलेल्या सरदारांना धास्ती पडली की हे लोक आपल्याविरुद्ध लिहितील. म्हणून त्यांनीच आधी पत्र धाडलं : सेनापतीनं आमचं ऐकलं नाही, आणि उरलेले आता कोकणच्या राजांना मिळून बंड करणार आहेत. सुलतानानं चौकशी न करता फौज पाठवली. चाकणला दोन महिने वेढा पडला, मग अभय देऊन मेजवानीला बोलावलं आणि कत्तल केली. कासिम बेग वगैरे मोजके लोक निसटून बिदरला पोचले. त्यांचं ऐकल्यावर सुलतानानं आधीचा निकाल फिरवला आणि कत्तल करणाऱ्या सरदारांचा सगळा मानमरातब काढून घेतला.

शिर्क्यानं दगा दिला, एवढ्यावर ही कथा मिटवणं मला पटत नाही. मानेवर तलवार ठेवून नेमलेल्या वाटाड्याकडून इमानाची अपेक्षा धरणारा सेनापती पहिला जबाबदार. शिर्क्यानं आपला मुलूख राखला. रानात न शिरणाऱ्यांना फिरिश्ता दोष देतो. पण तो स्वतः अस्त्राबादेत जन्मलेला, घटनेनंतर दीडशे वर्षांनी विजापूरच्या दरबारात लिहिणारा, आणि त्याचा कल इराण-अरबस्तानातून आलेल्या आफाकी सरदारांकडे आहे. रानाबद्दलचा त्या दख्खनी सरदारांचा अंदाज बरोबरच होता. त्यांचा खरा गुन्हा त्या खोट्या पत्राचा.

ज्यांना मुलूख ठाऊक त्यांचं न ऐकणं आणि दोष भलत्याच्याच माथी मारणं, हे ध्रुवाकडच्या मोहिमांतही दिसतं. १८४५ साली निघालेल्या ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रँकलिनच्या जहाजांवरचे १२९ जण परतले नाहीत. इन्युइट लोकांनी पाहिलेलं जॉन रे यानं १८५४ मध्ये कळवलं, तर लंडननं त्यालाच झोडपलं. ती जहाजं २०१४ आणि २०१६ मध्ये सापडली, तेव्हा इन्युइटांच्या आठवणींचं मोल जगाला कळलं.

खेळण्यावरून धडा घेतला तो बहमनी वजीर महमूद गावाननं. सुमारे १४७० मध्ये तो आला तेव्हा त्यानं घोडदळावर भिस्त ठेवली नाही, पायदळ लावलं, रान तोडून आणि जाळून वाटा केल्या. पावसाळा आला तसा घाटांवर पहारे ठेवून तो कोल्हापुरात उतरला आणि गवतानं शाकारलेल्या झोपड्यांत फौजेसह राहिला. घाई केली नाही. आधी रांगणा, मग खेळणा त्याच्या हाती आला आणि १४७२ मध्ये गोवा. नऊ वर्षांनी, ५ एप्रिल १४८१ रोजी, त्याच बिदरच्या गादीवरच्या मुहम्मदशाहानं गावानचा शिक्का मारलेलं एक बनावट पत्र खरं मानलं आणि चौकशीविना त्याचं डोकं उडवलं.