जिंकलेल्या बैलाचा नमुना कोण घेणार?

एका चॉकलेटपायी घोड्याचं बक्षीस जाऊ शकतं? गेलंय. 1979 साली इंग्लंडमध्ये ‘नो बॉम्ब्स’ नावाच्या घोड्यानं मोतद्दाराच्या हातचं चॉकलेट पळवलं, शर्यतही मारली. मग लघवीत चॉकलेटमधलं थिओब्रोमाइन सापडलं आणि नंबर गेला.

राणीलाही सूट नाही. 2014 च्या अ‍ॅस्कॉट गोल्ड कपात दुसरी आलेली राणी एलिझाबेथ यांची ‘एस्टिमेट’ ही घोडी मॉर्फिनसाठी पॉझिटिव्ह निघाली. मॉर्फिन खाद्यातून आलेलं, कुणी टोचलेलं नव्हतं, तरी दुसरा नंबर काढून घेतला. माणसाला गुंगी आणणारं हे औषध घोड्याला उलट उधळवतं, म्हणून शर्यतवाले त्याला एवढे घाबरतात.

आता आपल्या फाटीवर या. सातारा-सांगलीत मैदान म्हटलं की बैलगाडी. 7 मे 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 ला अटींसह सुरू केल्या आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा उचलून धरला. त्याच वर्षी खानापूर तालुक्यातल्या भाळवणीच्या मैदानात पहिलं बक्षीस होतं थार गाडी! आणि बक्षिसापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे जिंकलेल्या खोंडाची वाढणारी किंमत. एवढा पैसा आला की सुई-बाटलीचा मोहही येणारच.

नियम काय सांगतात? अंतर 1000 मीटरच्या आत, काठी-चाबूक बंद, उत्तेजक द्रव्य बंद, डॉक्टरांचा दाखला हवा. चाबूक पंचाला दिसतो. रक्तातलं औषध कुणाला दिसणार? डॉक्टर डोळे, खूर, चाल बघून बैल पळायला ठीक आहे एवढंच सांगू शकतात. त्यात सगळ्यात घातक वाटतं ते वेदनाशामक. दुखरा पाय बैलाला जाणवतच नाही, तो जीव तोडून पळतो आणि फायनलला पाय कायमचा जातो. उत्तेजकानं दुसऱ्या मालकावर अन्याय होतो, वेदनाशामकानं बैलावर. मला दुसरा अन्याय जास्त टोचतो.

मग घोड्यांचे नियम जसेच्या तसे उचलायचे? इथेच खरी गंमत आहे. लसूणघासात सॅलिसिलेट निसर्गतःच असतं, म्हणजे अ‍ॅस्पिरिनचंच भावंड. म्हणून घोड्यांच्या आंतरराष्ट्रीय नियमात लघवीच्या दर मिलिलिटरला 750 मायक्रोग्रॅम सॅलिसिलिक आम्ल चालतं, त्यावर गेलं तरच गुन्हा. बी-12 जीवनसत्त्वात कोबाल्ट असतं, त्याचीही मर्यादा ठरलेली आहे, 0.1 मायक्रोग्रॅम. अशी मर्यादा नसती तर हिरवा चारा घालणारा प्रामाणिक माणूसच चोर ठरला असता.

पण घोड्याचं पोट एकच, बैलाचं चार कप्प्यांचं. पोटातून दिलेलं औषध बैलाच्या पहिल्या कप्प्यात चाऱ्याबरोबर रेंगाळतं, त्यामुळे ते अंगातून कधी जातं याचा घोड्याचा हिशेब आपल्या खिलार बैलाला लागू होत नाही. आटपाडी महाल आणि म्हसवड या खिलारच्या नावाजलेल्या उपजाती सातारा-सांगली याच दोन जिल्ह्यांतल्या. शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, तेही सातारा जिल्ह्यातच. खिलारच्या मर्यादा ठरवायला याहून चांगली जागा कुठली?

नमुना घ्यायची रीत तर साधी आहे. रेसकोर्सवर शर्यत झाली की घोड्याला स्वच्छ खोलीत नेतात, मोतद्दार हळू शीळ घालतो आणि घोडा लघवी करतो. पाणी पिताना शीळ ऐकायची सवय आपल्या बैलांनाही आहेच. लघवीचे दोन भाग करतात, मालकासमोर दोन्ही सीलबंद होतात. पहिल्यात काही निघालं तर मालक दुसरा भाग तपासून मागू शकतो. हा दुसरा भाग म्हणजे गरीब गाडामालकाचा वकील. तो नसेल तर तपासणी सुरूच करू नये, कारण नावडत्याचा नंबर कापायचं ते हत्यार होईल.

सुरुवात फक्त मोठ्या बक्षिसांच्या ओपन मैदानांपासून करा, फायनलच्या पहिल्या तीन जोड्यांपासून. खर्च प्रवेश फीतून काढा. आणि गाडीची चावी अहवाल आल्यावरच द्या.