लेखणी एक, खाती अनेक

एका पेढीच्या अनेक शाखा असतात. प्रत्येक शाखेचे गिऱ्हाईक वेगळे, मागणीही वेगळी. पत मात्र एकच असते. एका शाखेत खोटा माल सापडला, की सर्वच शाखांवरचा विश्वास उडतो. अनेक ठिकाणी नियमित लिहिणाऱ्याची स्थिती याहून निराळी नसते. आज आपल्या घरांतील तरुण-तरुणी एके ठिकाणी व्यवसायाविषयी, दुसरीकडे प्रवासाविषयी, तिसरीकडे आहाराविषयी लिहीत असतात. आरंभीचा उत्साह ओसरला, की जागा भरण्याची घाई सुरू होते. मग जुनाच मजकूर फिरवून मांडणे किंवा दुसऱ्याचा उचलणे सोपे वाटू लागते. लेखकाची पत जाते ती येथेच.

अनेक नियतकालिकांचा भार वाहूनही ही पत कशी राखता येते, याचा वस्तुपाठ वणिक कुळात जन्मलेल्या महात्मा गांधींच्या लेखनात सापडतो. दक्षिण आफ्रिकेत 1903 साली सुरू झालेल्या ‘इंडियन ओपिनियन’मध्ये ते 1914 पर्यंत, तुरुंगवासाचा काळ वगळता, जवळजवळ प्रत्येक अंकात लिहीत. त्यासाठी एकेकाळी दरमहा 75 पौंड त्यांनी पदरचे घातले. भारतात परतल्यावर 1919 साली गुजराती ‘नवजीवन’ आणि इंग्रजी ‘यंग इंडिया’ ही दोन साप्ताहिके त्यांनी हाती घेतली. आरंभापासूनच दोन्हींत जाहिराती न घेण्याचा त्यांचा निश्चय होता. त्यामुळे पत्राचा सारा भार वाचकाच्या विश्वासावर होता.

प्रत्येक खात्याचा वाचक वेगळा

‘यंग इंडिया’ इंग्रजी जाणणाऱ्या वर्गासाठी होते, तर ‘नवजीवन’ गुजराती बोलणाऱ्या सामान्य जनांसाठी. पुढे येरवड्याच्या तुरुंगात असताना 1933 च्या फेब्रुवारीत पुण्याहून ‘हरिजन’ निघाले, तेव्हा त्याचा विषय अस्पृश्यतानिवारण हाच ठरला. राजकारणाचा मोह तेथे आरंभी कटाक्षाने टाळला गेला. ज्या पत्राची सीमा ठरलेली असते, त्यात काय लिहावे हे शोधावे लागत नाही आणि एका पत्रातील मजकूर दुसऱ्यात अकारण शिरत नाही.

एकच मजकूर दोन ठिकाणी देण्याचा प्रसंग आलाच, तर तो उघडपणे दिला जाई. 1925 च्या नोव्हेंबरपासून आत्मकथा ‘नवजीवन’मध्ये गुजरातीत क्रमशः येऊ लागली; तिचा इंग्रजी अनुवाद ‘यंग इंडिया’त येत असे आणि तो प्रामुख्याने महादेवभाई देसाईंनी केला. तोच माल दुसऱ्या दुकानात ठेवताना त्यावरील चिठ्ठी बदलली नाही, म्हणून गिऱ्हाइकाची फसवणूक झाली नाही.

उसने ते उसनेच

रस्किनच्या ‘अन टू धिस लास्ट’ने गांधीजी भारावले. 1908 साली ‘सर्वोदय’ या नावाने त्यांनी तो विचार गुजरातीत आणला, पण तो रस्किनच्या ग्रंथाचे सार म्हणूनच. 1909 साली इंग्लंडहून आफ्रिकेला परतताना बोटीवर त्यांनी ‘हिंद स्वराज्य’ लिहिले. उजवा हात थकला, की डाव्या हाताने लिहिले. इतक्या तळमळीने लिहिलेल्या या पुस्तकातील विचारही केवळ आपले नाहीत, अनेक ग्रंथांच्या वाचनातून ते घडले आहेत, असे त्यांनी प्रस्तावनेत सांगितले आणि शेवटी त्या ग्रंथांची यादी जोडली. मुंबईतील जवाहिर श्रीमद् राजचंद्र यांच्या प्रत्यक्ष सहवासाने आपल्यावर केलेला संस्कारही त्यांनी जाहीरपणे नोंदवला. ऋण मान्य केल्याने त्यांची मौलिकता उणावली नाही. उलट त्यांचे स्वतःचे काय, हे अधिक स्पष्ट झाले.

अचौर्य अणुव्रताच्या अतिचारांत चोरीचा माल घेणे आणि भेसळीचा व्यवहार करणे यांचाही समावेश आहे. मजकूर स्वतः चोरला नाही, कुणीतरी पाठवलेला पुढे आपल्या नावाने दिला, ही सबब म्हणूनच टिकत नाही. चार शब्द इकडचे तिकडे करून दुसऱ्याचा लेख आपला म्हणणे, ही तर सरळ भेसळच.

रोजमेळ आणि खतावणी

यावरचा उपाय व्यापारी घरांना नवा नाही. दिवसभर पाहिलेले, ऐकलेले, सुचलेले आधी एकाच वहीत उतरवावे. हा झाला रोजमेळ. आठवड्यातून एकदा प्रत्येक नोंद कोणत्या खात्यात जाते, ते ठरवावे, ही खतावणी. एक नोंद एकाच खात्यात जावी. पुण्याच्या घाऊक बाजारातील भावाची हकिकत व्यवसायाच्या लेखात गेली, तर प्रवासाच्या लेखात त्याच वाटेवरचे दुसरे काही यावे. वाचलेल्या गोष्टीपुढे ती कोणाची, हे त्याच क्षणी लिहावे. महिन्यानंतर उसने कोणते आणि स्वतःचे कोणते, हे स्मरणात राहत नाही.

रोजमेळ कोरा राहू लागला, तर एखादे खाते बंद करण्यात कमीपणा नाही. चार दुकानांत शिळा माल ठेवण्यापेक्षा दोन दुकानांत ताजा माल असणे केव्हाही बरे. गिऱ्हाईक एकदा फिरले, की त्याला परत आणणे किती कठीण असते, हे पेढीवर बसणाऱ्यास वेगळे सांगावे लागत नाही.