बदल करण्यापूर्वी

मोडी लिपीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो. होळकरकालीन कागदांचे देवनागरीत लिप्यंतर करताना त्यामुळे अनोळखी शब्दापाशी, विशेषतः निमाड-माळव्यातल्या गावाच्या नावापाशी, थांबून निर्णय करावा लागतो. हे काम मी संगणकावर करू लागले तेव्हा मोकासा, चिटणिशी, वहिवाटदार अशा शब्दांखाली लाल रेघ उमटे. रूप पक्के ठरले की तो शब्द मी वर्डच्या शब्दकोशात जमा करी. सहा वर्षांत नऊशेंवर शब्द साठले.

गेल्या वर्षी संगणक मंदावला म्हणून दुरुस्तीला दिला. ‘फाइली डी ड्राइव्हवर आहेत ना?’ एवढे विचारून तंत्रज्ञाने सी ड्राइव्ह पुसला आणि विंडोज नव्याने घातली. लेख शाबूत राहिले, शब्द गेले. लिप्यंतरांतून ते पुन्हा वेचता येतात, पण तिथे सुरुवातीच्या वर्षांतली चुकीची रूपेही आहेत. अखेर कोणते रूप मान्य केले, याची नोंद फक्त त्या यादीत होती.

ही यादी राहते कुठे, हे मला तोवर ठाऊक नव्हते. सी ड्राइव्हवर आपल्या नावाच्या फोल्डरात ‘ॲपडेटा’ नावाचा लपवलेला फोल्डर असतो. विंडोजची कळ आणि ‘आर’ एकदम दाबावी. येणाऱ्या चौकटीत दोन टक्केचिन्हांच्या मध्ये ‘ॲपडेटा’ असे रोमन लिपीत लिहिले की त्यातला ‘रोमिंग’ फोल्डर उघडतो. तिथे ‘मायक्रोसॉफ्ट’ आणि त्यात ‘यूप्रूफ’. शब्दकोशाची फाइल ती हीच, ‘कस्टम’ नावाची. ओळीला एक शब्द, इतकी साधी की नोटपॅडमध्येही वाचता येते. शेजारच्या ‘ऑफिस’ फोल्डरात ऑटोकरेक्टच्या याद्या असतात, नावात भाषेचा क्रमांक घेऊन: इंग्रजीचा १०३३, मराठीचा ११०२. ‘विवि’ लिहिताच ‘विनंती विशेष’ उमटावे अशी सोय आपण केली असेल तर ती यांत असते. ‘टेम्प्लेट्स’मधल्या ‘नॉर्मल’ फाइलीत आपल्या शैली आणि मॅक्रो. वर्ड बंद करून हे तिन्ही फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवायला पाच मिनिटे पुरतात.

जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये लेखन केलेल्यांनी फॉन्टची फाइलही सोबत ठेवावी. त्या फॉन्टांत रोमन अक्षरांच्या जागीच देवनागरीची चित्रे बसवलेली असतात. फॉन्ट नाहीसा झाला की प्रबंधाच्या जागी रोमन अक्षरांचा गिचमिडा दिसतो.

‘रिस्टोर पॉइंट’ केला की झाले, असे विद्यार्थी सांगतात. नवा ड्रायव्हर किंवा प्रोग्रॅम घालण्यापूर्वी तो जरूर करावा. प्रणालीच्या फाइली आणि रजिस्ट्री त्याने पूर्वस्थितीला आणता येतात. पुष्कळ संगणकांवर ही सोय बंदच असते, तेव्हा ‘सिस्टिम प्रोटेक्शन’मध्ये जाऊन आधी पाहावे. पण तो आपल्या लेखनाची प्रत नव्हे. शिवाय तो त्याच डिस्कवर असतो; सी ड्राइव्ह पुसला की तोही पुसला जातो. घराची किल्ली घरातच ठेवून कुलूप लावण्यासारखे ते.

यादी पुन्हा जमवते आहे, तीनशेपर्यंत आली. परवा एका पत्रात खरगोणकडच्या एका गावाशी अडले. पूर्वी ते ऱ्हस्व ठरवले होते की दीर्घ, आठवत नाही.