रस्ते बांधणारा कवी

आयर्लंडच्या मीथ परगण्यात, बॉइन नदीच्या काठी स्लेन हे लहानसं गाव आहे. १९ ऑगस्ट १८८७ रोजी तिथल्या एका मजुराच्या घरी फ्रान्सिस लेडविज जन्मला, नऊ भावंडांतला आठवा. तो लहान असतानाच बाप गेला. आई लोकांच्या शेतात राबली, पण फ्रान्सिसची शाळा १३व्या वर्षी सुटली ती सुटलीच.

मग पडेल ते काम. शेतमजुरी झाली, किराणा दुकानातली उमेदवारी झाली. डब्लिनजवळच्या दुकानात असताना एका रात्री गावाच्या ओढीनं त्यानं कविता लिहिली आणि तसाच उठून चालत निघाला. घर ३० मैलांवर! पुढे तांब्याच्या खाणीत संप घडवून आणला म्हणून कामावरून काढलं. शेवटी रस्तेदुरुस्तीच्या कामात तो स्थिरावला आणि मजूर संघटनेतही पडला. कविता ‘द्रॉहेडा इंडिपेंडंट’ या स्थानिक वृत्तपत्रात छापून येत. १९१२ साली त्यानं आपली वही शेजारच्या गढीतल्या लॉर्ड डनसेनींकडे पाठवली. हे जहागीरदार स्वतः लेखक. त्यांनी आपलं ग्रंथालय त्याला मोकळं केलं आणि पहिल्या संग्रहासाठी खटपट केली.

लेडविज पक्का राष्ट्रवादी. स्लेनमध्ये आयरिश स्वयंसेवक दलाची तुकडी उभी करण्यात तो पुढे होता. सप्टेंबर १९१४ मध्ये आयरिश राष्ट्रवादी नेते जॉन रेडमंड यांनी स्वयंसेवकांना पहिल्या महायुद्धात ब्रिटनच्या बाजूनं लढायला सांगितलं, तेव्हा त्यानं नॅव्हनच्या ग्रामीण मंडळात भर सभेत विरोध केला. त्यापायी ‘जर्मनधार्जिणा’ हा शिक्काही सोसला. आणि २४ ऑक्टोबरला हाच माणूस डब्लिनच्या रिचमंड बराकीत जाऊन ब्रिटिश फौजेत भरती झाला. प्रेमभंगामुळे गेला, असं अनेकांनी लिहिलंय. त्याची प्रेयसी दुसऱ्याशी लग्न करणार होती हे खरं. पण मला त्याचं स्वतःचं कारण जास्त पटतं. शत्रूला ब्रिटननं अडवायचं आणि आपण घरी बसून नुसते ठराव करायचे, हे त्याला रुचेना.

ऑगस्ट १९१५ मध्ये तो तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीला उतरला. तिथून सर्बियाच्या डोंगरांतली थंडी, मग आजारपण आणि इस्पितळं. तो आजारी असतानाच, एप्रिल १९१६ मध्ये, डब्लिनमध्ये ब्रिटिश सत्तेविरुद्ध ईस्टरचा उठाव झाला. त्याचा कवीमित्र थॉमस मॅकडोना बंडखोरांच्या म्होरक्यांत होता. लेडविजनं जिथं शपथ घेतली त्याच रिचमंड बराकीत मॅकडोनावर लष्करी खटला चालला आणि ३ मे रोजी त्याला गोळ्या घातल्या. ब्रिटिश गणवेशातल्या लेडविजनं त्याच्यावर विलापिका लिहिली. तीच आज त्याची सर्वांत गाजलेली कविता आहे. त्या सुमारास रजेवरून उशिरा परतणं आणि वरिष्ठांना उलट बोलणं यासाठी त्याच्यावरही खटला झाला, हुद्दा गेला.

३१ जुलै १९१७. बेल्जियममध्ये ईप्रच्या तिसऱ्या लढाईचा पहिलाच दिवस. भर पावसात, चिखलातून तोफा पुढे नेता याव्यात म्हणून बूझिंगेजवळ लेडविजची तुकडी लाकडी फळ्यांचा रस्ता अंथरत होती. गावी पोटासाठी केलेलं काम इथंही त्याच्या वाट्याला आलं होतं. चहासाठी सगळे थांबले असताना जवळच तोफगोळा फुटला. लेडविज जागीच गेला. वय अवघं २९.

पहिल्या महायुद्धात सुमारे दोन लाख आयरिश माणसं ब्रिटिश फौजेत होती, त्यांतली सुमारे ३५ हजार मेली. पुढे स्वतंत्र झालेल्या आयर्लंडला मात्र १९१६चे हुतात्मे अभिमानाचे आणि हे सैनिक अडचणीचे वाटत. अनेक घरांत पदकं कपाटातच राहिली. वास्तुकार लुट्येन्सनं आखलेलं डब्लिनचं युद्धस्मारक उद्यान १९३०च्या दशकात तयार झालं, पण त्याचं रीतसर उद्घाटन १९८८ साली झालं. स्लेनच्या पुलावर १९६२ साली लेडविजच्या नावे पाटी लागली, तीवरही ओळी आहेत त्या मॅकडोनाच्या विलापिकेतल्या. सैनिकाला गावात जागा मिळाली ती बंडखोराचा हात धरून, असंच म्हणावं लागतं. १९७९ साली शेमस हीनीनं त्याच्यावर कविता लिहिली आणि राष्ट्रवाद आणि ब्रिटिश गणवेश यांच्यातली ही दुहेरी ओढ उघडपणे बोलली जाऊ लागली. १९८२ साली त्याच्या घराचं संग्रहालय झालं, आणि १९९८ साली, ३१ जुलैलाच, तो पडला त्या जागी स्मारक उभं राहिलं.

त्याची कबर बूझिंगेच्या आर्टिलरी वुड दफनभूमीत आहे. त्याच दिवशी मेलेला वेल्सचा मेंढपाळ कवी हेड विन हाही तिथंच आहे. बेल्जियमला जाणारे मराठी पर्यटक ईप्रचं मेनिन गेट हे युद्धस्मारक पाहतात. त्यांनी थोडं उत्तरेला बूझिंगेपर्यंतही जाऊन यावं.