इंजिन बंद केल्यावर

आळे गावात, उसाच्या रानांत लहानाचा मोठा झालेल्या माणसाला समुद्रातलं फारसं कळत नाही. पण बिबट्या दिसला की माणसं काय करतात, ते चांगलं ठाऊक असतं. उसात शेपूट हलली की मोटारसायकली गोळा होतात, कुणी फटाके लावतो, कुणी बॅटरी मारतो, दहा-वीस मोबाइल वर होतात आणि ते जनावर या सरीतून त्या सरीत पळत सुटतं. हर्णैजवळ डॉल्फिन बघायला पहिल्यांदा बोटीत बसलो. पाण्यावर एक राखी पाठ दिसली आणि चार बोटी एकदम तिच्यावर वळल्या, तेव्हा मला आमचा ऊसच आठवला.

ती पाठ नीट बघा. तिच्यावर उंचवटा असतो, बैलाच्या वशिंडासारखा, आणि त्या वशिंडावर बसवल्यासारखा लहानसा पर. कोकणात किनाऱ्याजवळ दिसणारा डॉल्फिन बहुधा हाच. लांबी अडीच मीटरच्या आसपास. खोल समुद्र याला मानवत नाही. पंचवीस-तीस मीटरच्या आतलं उथळ पाणी हेच याचं शिवार. म्हणजे आपली जाळी, बंदरं आणि सहलीच्या बोटी जिथे, तिथेच हा. आज जगभरात तो संकटग्रस्त मानला जातो.

या गढूळ पाण्यात डोळे कितीसे उपयोगी पडणार? म्हणून तो आवाजानं बघतो. नाकाच्या वाटेत ‘टिक्‌टिक्’ उमटते, कपाळातला चरबीचा गोळा तिचा झोत करून पुढे फेकतो, आणि माशावर आदळून आलेला प्रतिध्वनी खालच्या जबड्यातल्या चरबीतून कानापर्यंत पोचतो. जबड्यानं ऐकणारं जनावर! पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १५०० मीटर धावतो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त. आपल्या इंजिनाचा आवाजही तसाच धावतो. वरातीतल्या डीजेपुढे उभं राहून शेजारच्याशी बोलून बघा, म्हणजे त्याची गत कळेल.

त्याच्या झोपेचं तर आणखी नवल. श्वास घ्यायचा तर त्याला जाणूनबुजून वर यावं लागतं. गाढ झोपला तर गुदमरेल. म्हणून तो मेंदूचा एक अर्धा भाग निजवतो आणि दुसरा जागा ठेवतो. संथ पोहणारा कळप अशा अर्ध्या झोपेतही असू शकतो, आणि आपण शिट्ट्या मारत तिथे पोचतो.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात डॉल्फिन बिबट्याच्याच पंक्तीत, पहिल्या अनुसूचीत आहे. त्या कायद्यातली शिकारीची व्याख्या एकदा वाचण्यासारखी आहे. मारणं तर तिच्यात आहेच, पण पकडणं, फासे लावणं, आमिष दाखवणं आणि जनावर हाकणं हीसुद्धा शिकारच. हाकारे घालून रान उठवायचे, ते यातच आलं. चार बोटींचा घेरा त्यात बसतो का, ते वकील बघोत. मला तरी तो हाकाच वाटला.

हाका थांबला तर काय होतं, तेही बघा. मेक्सिकोच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खाड्यांत करडे देवमासे विणीसाठी येतात. एकोणिसाव्या शतकात शिकारी तिथे पिल्लांजवळच्या माद्यांना भाले मारत. चवताळलेल्या माद्या होड्या फोडत, म्हणून त्यांचं नावच ‘सैतान मासा’ पडलं. पुढे शिकार थांबली, तरी कोळ्यांच्या मनातली भीती गेली नाही. १९७२ साली सान इग्नासिओच्या खाडीत पाचिको मायोराल नावाच्या कोळ्याच्या होडीला एक देवमासा येऊन लगटला आणि हलेचना. शेवटी पाचिकोनं भीत भीत हात पुढे केला. आज त्याच खाडीत माद्या पिल्लांना घेऊन आपणहून होड्यांजवळ येतात.

आमच्याकडे एवढं काही घडलं नाही. बाकीच्या बोटी कंटाळून किनाऱ्याकडे वळल्या. आमच्या तांडेलानं मात्र इंजिन बंद केलं आणि म्हणाला, “आता जरा गप बसा, भाऊ.” दहा मिनिटं नुसतं पाणी फळीवर चापट्या मारत होतं. मग मागून आवाज आला, ‘फुस्स’. सायकलच्या ट्यूबमधली हवा सोडावी तसा. वळलो तर वशिंड दोन काठ्यांवर. त्याला चिकटून दुसरी पाठ, निम्म्या आकाराची, आणि तिचा बारीकसा ‘फुस’. तांडेलानं बिडीसाठी काडी काढली होती; ती त्यानं न ओढता तशीच बोटांत धरून ठेवली.