मानेची गादी सरकलेल्या कुत्र्याचा व्यायाम

वणीकडील द्राक्षमळ्यांत राखणीचा कुत्रा मान खाली धरून ताठ चालू लागला व मानेस हात लावताच केकाटू लागला, म्हणजे मुका मार समजून मालिश करण्याची घाई होते. ती करू नये. मानेच्या मणक्यांमधील गादी सरकून मज्जारज्जू दाबला गेल्यानेही असे होते. आखूड पायांच्या डॅशहुंड जातीत हा विकार विशेष. तथापि इतर कुत्री त्यातून सुटत नाहीत.

पशुवैद्याने शस्त्रक्रिया नको म्हटल्यास 4 ते 6 आठवडे कुत्र्यास अरुंद जागेत कोंडून ठेवावे. खरा धोका वेदना शमल्यावर असतो. औषधाने कुत्रा टवटवीत दिसतो, मालक त्यास मोकळा सोडतो, तो वानरामागे धावतो आणि गादी अधिक सरकून चारही पाय लुळे पडतात. गळ्यातील पट्टा काढून छातीचा पट्टा घालावा. माणसाची आयबुप्रोफेनची गोळी त्यास विषासमान आहे.

व्यायाम पशुवैद्याच्या अनुज्ञेनेच करावा. प्रथम कुत्रा कुशीवर निजला असता एकेक पाय हळुवार दुमडून सरळ करावा, असे दहा वेळा. पुढे पोटाखाली धडप्याचा आधार देऊन थोडा वेळ उभे करावे. नंतर सपाट जमिनीवर 5 मिनिटे सावकाश चालवावे व दर आठवड्यास वेळ थोडा वाढवावा. सप्तशृंगगडाच्या पायथ्याचे चढउतार तूर्त वर्ज्य. मान हाताने कधीही वळवू नये. शेवटच्या टप्प्यात भाकरीचा तुकडा खांद्याजवळ धरावा, म्हणजे कुत्रा आपण होऊन, सोसेल तेवढीच मान वळवील. पाय अडखळू लागल्यास किंवा लघवी अडल्यास व्यायाम थांबवून त्याच दिवशी पशुवैद्यास गाठावे.